धंद्यात आयटी नेमकी कुठे लावायची? नाशिकमध्ये नव्याने उद्योग सुरू करणाऱ्यांसाठी

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गल्लीत शेजारशेजारच्या चार शेडमध्ये डोकावून बघा. सीएनसी मशीन (कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कापणारी) साधारण एकाच तोडीची, हिशेबाला तेच टॅली, ग्राहकाशी बोलायला तेच व्हॉट्सॲप, बँकेचं तेच नेटबँकिंग. तरी एकाकडे पुढच्या तीन महिन्यांचं काम लागलेलं असतं आणि बाकीचे तिघे पर्चेसच्या साहेबांच्या फोनची वाट बघत असतात. सॉफ्टवेअर चौघांकडेही आहे, तेव्हा फरक त्यात शोधून सापडणार नाही. पुढे गेलेल्या माणसाला आपल्याला ऑर्डर कशावर मिळते ते पक्कं ठाऊक असतं. त्या एका गोष्टीची माहिती तो रोज स्वतःच्या शेडमधून गोळा करतो आणि दर ठरवताना, तारीख देताना तीच समोर ठेवतो. विकत मिळणारं सॉफ्टवेअर शेजारी उद्या घेऊन येईल. तुमच्या मशीनवर तीन वर्षांत साठलेली माहिती मात्र त्याला कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

नुकतीच उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून जॉबवर्क (ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे भाग बनवून देणं), पॅकहाऊस (फळं निवडून पॅक करण्याचं केंद्र), दुकान किंवा सेवेचा व्यवसाय सुरू केलेल्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणं जास्त करून जॉबवर्कची आहेत, कारण मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे छोटे वेंडर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत आणि स्पर्धेचा ताणही त्यांच्यावरच जास्त आहे.

आधी खर्चाचे दोन ढीग करा

आयटीवर जे पैसे जातात त्यातला एक भाग सक्तीचा असतो. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आहे. राज्याबाहेर जाणारा ५०,००० रुपयांच्या वरचा माल (महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वरचा) गाडीत भरला की ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीची ऑनलाइन नोंद लागते, ती २०१८ पासून. उलाढाल ५ कोटींच्या पुढे गेली की व्यावसायिक ग्राहकांच्या बिलांना ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल), हे १ ऑगस्ट २०२३ पासून. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि आज भाजीच्या गाडीवरही क्यूआर कोड लटकतो आहे. हे सगळं वेळेवर आणि बिनचूक व्हायलाच हवं. तुमच्या रिटर्नमधल्या चुकीने ग्राहकाचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकलं, तर पुढच्या वेळी तो दुसरा वेंडर शोधतो. पण रिटर्न वेळेवर भरता म्हणून कोणी नवी ऑर्डर आणून देत नाही.

२००३ मध्ये निकोलस कार या अमेरिकी लेखकाने असं मांडलं होतं की आयटी आता विजेसारखी झाली आहे. सगळ्यांना सारखीच मिळते, त्यामुळे तिच्या जोरावर कोणी फार काळ पुढे राहू शकणार नाही. यावर तेव्हा बराच वाद झाला. माझ्या मते या पहिल्या ढिगापुरतं त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. म्हणून इथे हौस करू नका. तुमच्या सीएला जे चालतं, ज्याची माहिती असलेला माणूस नाशिकमध्ये सहज मिळतो, ते साधं सॉफ्टवेअर घ्या आणि विषय संपवा.

वेळ आणि डोकं घालायचं ते दुसऱ्या ढिगात. ज्याच्यामुळे ग्राहक तुमच्याकडेच येतो आणि टिकतो, त्या कामात आयटी लावायची. ते काम कोणतं हे मात्र सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस सांगू शकत नाही.

पहिली पायरी: ऑर्डर का मिळाली, का गेली, ते लिहून काढा

एक वही घ्या किंवा एक साधी शीट उघडा. गेल्या वर्षभरात दिलेली कोटेशन एकाखाली एक लिहा. शेजारी तीन रकाने: मिळाली की गेली, कारण काय, आणि ते कारण कुणी सांगितलं. तिसरा रकाना महत्त्वाचा आहे. ‘रेट जास्त होता’ हे आपण स्वतःच ठरवलेलं कारण असतं आणि बऱ्याचदा ते खरं नसतं. पर्चेसच्या माणसाला सरळ विचारा, ‘साहेब, ही ऑर्डर गेली ते ठीक आहे, पण नेमकं कुठे कमी पडलो तेवढं सांगा.’ बहुतेक जण सांगतात. कोटेशन चार दिवसांनी आलं, तोवर दुसऱ्याला पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) गेला होता. मागच्या लॉटला डिस्पॅच आठवडाभर लांबला. मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट मागून मागून थकलो. क्वालिटीवाले तुमचं नाव घेतलं की नको म्हणतात. आणि कधीकधी, हो, रेटच जास्त होता.

पंधरा-वीस ओळी झाल्या की कारणांची गर्दी एका बाजूला झालेली दिसते. तिथे तुमची लढाई आहे.

मायकेल पोर्टर या अर्थतज्ज्ञाने १९८० च्या दशकात स्पर्धेचे तीन मार्ग सांगितले: सगळ्यात कमी खर्चात माल काढा, दुसऱ्यापेक्षा वेगळं काही द्या, किंवा एक छोटा कोपरा धरून त्यातच उत्तम व्हा. अंबडमधल्या दोन मशीनच्या शेडला पहिला मार्ग जवळपास बंदच असतो; चाळीस मशीनवाला तुमच्यापेक्षा स्वस्तातच काढणार. म्हणून नव्या माणसाने दुसरा किंवा तिसरा मार्ग धरावा असं माझं ठाम मत आहे. छोटे लॉट, अवघड टॉलरन्स (मापात चालणारा फरक), तातडीची कामं, कागदपत्रं चोख. मोठ्यांना ज्यात पडायचं नसतं ते.

पोर्टरचाच आणखी एक इशारा इथे लागू पडतो. तुमचं बहुतेक काम एकाच ग्राहकाकडून येत असेल तर दर तो ठरवतो, तुम्ही नाही. तेव्हा याच शीटमध्ये कोणत्या ग्राहकाचा वाटा किती, हेही महिन्याला बघत जा.

दुसरी पायरी: एकच जागा निवडा

ईआरपी (सगळ्या व्यवसायाचा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), वेबसाइट, ॲप, मशीनला सेन्सर, सोशल मीडिया, सगळं एकदम सुरू करायचा मोह होतो. करू नका. पहिल्या वर्षी एक जागा. पुढच्या पायऱ्यांसाठी आपण ‘कोटेशन त्याच दिवशी, आणि दिलेली तारीख पाळणे’ ही जागा धरू.

तिसरी पायरी: माहिती जिथे जन्मते तिथेच पकडा

हा सगळ्यात कष्टाचा भाग आहे आणि खरा फायदाही इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

कोटेशन लवकर आणि बरोबर द्यायचं तर आपल्याला कोणत्या कामाला खरोखर किती वेळ लागतो हे माहीत हवं. ते मालकाच्या डोक्यात अंदाजाने असतं, सेटरच्या (मशीन कामासाठी लावून देणाऱ्याच्या) डोक्यात जास्त बरोबर असतं, आणि कागदावर कुठेच नसतं. सेटर नोकरी सोडून सिन्नरला गेला की ती माहितीही त्याच्याबरोबर जाते.

उपाय साधा आहे: प्रत्येक लॉटच्या क्रेटला एक जॉब कार्ड अडकवायचं. त्यावर पार्ट नंबर, ऑपरेशन, मशीन, सेटिंगला लागलेला वेळ, काम सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, ओके नग, रिजेक्ट नग आणि रिजेक्शनचं कारण. एवढंच. सेटिंगचा वेळ वेगळा लिहायचा, कारण छोट्या लॉटमध्ये सगळा नफा तिथेच जातो. ५० नगांच्या लॉटला दोन तास सेटिंग लागलं तर एकेका नगावर २ मिनिटं २४ सेकंद चढतात, आणि कोटेशनमध्ये ती बहुतेक धरलेली नसतात.

कारणासाठी मोकळी जागा सोडू नका. मोकळ्या जागेत रात्रपाळीचा ऑपरेटर ‘इतर’ लिहितो आणि त्यातून काहीच कळत नाही. सहा ठरलेली कारणं छापा आणि फक्त गोल करायला सांगा: साइझ आउट, इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराचं बदलता येणारं टोक) तुटला, मटेरियल खराब, लाइट गेली, प्रोग्रॅमची चूक, ड्रॉइंग जुनं. शेवटचं कारण मुद्दाम घातलं आहे. ग्राहकाने ड्रॉइंगचं रिव्हिजन बदललेलं असतं, मेल ऑफिसात येऊन पडलेला असतो आणि मशीनवर जुनी झेरॉक्स चिकटवलेली असते. अशी रिजेक्शन आयटीने खरोखर थांबवता येतात: ड्रॉइंगची एकच फाइल, एकाच फोल्डरमध्ये, आणि मशीनपाशी तिचा क्यूआर कोड. फोनने स्कॅन केलं की नेहमी ताजंच ड्रॉइंग उघडतं, कागदाची झेरॉक्स बंद.

कार्डावरची माहिती शीटमध्ये कुणी भरायची? शिफ्टच्या शेवटी सुपरवायझरने शेडमधल्या एका सामायिक फोनवर, मराठीत बनवलेल्या फॉर्ममधून. गुगल फॉर्म फुकट आहे आणि त्याचं उत्तर थेट शीटमध्ये जाऊन बसतं. पहिले तीन महिने यापलीकडे काही विकत घेऊ नका. कोणते रकाने खरोखर लागतात, कोणते कोणी भरतच नाही, हे वापरूनच कळतं. ते कळण्याआधी घेतलेलं ईआरपी म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला शर्ट.

इथे माणसांचा प्रश्न येतो आणि तो तंत्रज्ञानापेक्षा मोठा आहे. ऑपरेटरला वाटतं की हे कार्ड आपल्याला पकडण्यासाठी आहे. पहिल्याच आठवड्यात रिजेक्शनचा आकडा बघून कुणाचा पगार कापलात, तर त्या दिवसापासून कार्डावर खोटे आकडे येतील आणि तुमची सगळी मेहनत वाया जाईल. आधी सांगून ठेवा की या आकड्यांवरून कोणाला शिक्षा नाही. मग लवकरात लवकर त्यांच्या उपयोगाचं काहीतरी करून दाखवा. ‘इन्सर्ट तुटला’ सारखं येतंय म्हणून चांगल्या ग्रेडचे इन्सर्ट आणून दिले, की पुढचं कार्ड ते स्वतःहून नीट भरतात.

चौथी पायरी: आकडा निर्णयापर्यंत पोचवा

समजा, एका बुशचं (नळीसारख्या गोल भागाचं) कोटेशन देताना सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, ४ मिनिटं २० सेकंद धरला होता. मशीनचा तासाचा दर ४५० रुपये, म्हणजे मिनिटाला साडेसात. नगामागे मशीनचा खर्च ३२ रुपये ५० पैसे. कार्डांवरून असं निघालं की माप घेणं, इन्सर्ट बदलणं, चिप (धातूचा कीस) काढणं धरून प्रत्यक्षात ५ मिनिटं १० सेकंद लागतात. खर्च झाला ३८ रुपये ७५ पैसे. नगामागे सव्वासहा रुपये आपण स्वतःच्या खिशातून घालतो आहोत. महिन्याला २,००० नग जात असतील तर १२,५०० रुपये. मालक मात्र खूश असतो, कारण मशीन रात्रंदिवस चालू आहे.

याची उलट बाजूही तितकीच मोलाची आहे. काही पार्ट अंदाजापेक्षा लवकर निघतात. तिथे तुम्ही निर्धास्तपणे दर थोडा खाली आणून जास्त नग मागू शकता. शेजारी आंधळेपणाने दर पाडत असतो आणि कुठे पाडायचा, कुठे अडून राहायचं, हे तुम्हाला माहीत असतं. बाजारात यालाच वरचढ ठरणं म्हणतात.

आता याच शीटमधून कोटेशनचा तक्ता तयार करा. प्रत्येक जुन्या पार्टसाठी मटेरियल, व्यास, लांबी, सगळ्यात कडक टॉलरन्स, खरा सायकल टाइम, सेटिंगचा वेळ, रिजेक्शनची टक्केवारी. नवीन ड्रॉइंग आलं की त्याच्याशी मिळतेजुळते तीन जुने पार्ट फिल्टर लावून काढायचे आणि त्यांच्या आकड्यांवर दर बसवायचा. सुरुवातीला दीडदोनशे ओळीही पुरतात. सकाळी आलेल्या ड्रॉइंगचं कोटेशन दुपारी जातं आणि तेही अंदाजाचं नसतं.

तारखेचंही तसंच. कोणत्या मशीनवर किती तासांचं काम आधीच लागलेलं आहे, हे एका पानावर दिसत असेल तरच तारीख द्या. ‘करून देतो साहेब, गुरुवारी’ हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलेलं आहे. त्याऐवजी सोमवार सांगा आणि सोमवारी माल गेटवर न्या.

पाचवी पायरी: ग्राहकाच्या कामात आपली माहिती गुंतवा

इथवरचं सगळं आपल्या शेडच्या आत होतं. टिकाऊ फायदा होतो तो ग्राहकाचं काम आपल्यामुळे सोपं झालं की.

जगातली जुनी उदाहरणं बघण्यासारखी आहेत. अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमबरोबर सेबर ही तिकीट आरक्षणाची प्रणाली १९६० च्या दशकात उभी केली आणि १९७६ पासून तिचे कॉम्प्युटरचे पडदे ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलावर नेऊन ठेवले. एजंटाचं काम झटपट होऊ लागलं, मग तो दुसरीकडे कशाला जाईल? कंपनीने पडद्यावर स्वतःची विमानं वरच्या ओळीत दाखवायला सुरुवात केली, त्यावर १९८४ मध्ये तिथल्या सरकारने बंदी आणली. पडद्यावरची चलाखी गेली, एजंटाची सोय मात्र राहिली आणि व्यवसायही राहिला. आपल्याकडे आयटीसीने २००० मध्ये मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी ई-चौपाल सुरू केलं. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी कॉम्प्युटर, त्यावर त्या दिवसाचा भाव. माल गाडीत भरून मंडीत नेण्याआधीच शेतकऱ्याला दर कळू लागला आणि कंपनीला थेट खरेदी मिळाली. दोन्ही ठिकाणी आधी समोरच्याची अडचण सुटली.

छोट्या वेंडरला यासाठी कोट्यवधी लागत नाहीत. दर सोमवारी सकाळी दहाच्या आत प्रत्येक ग्राहकाला एक संदेश पाठवा: कोणता पीओ, किती नग तयार, किती बाकी, कधी निघणार. शीटमधून हा मजकूर आपोआप तयार करता येतो. ‘कुठपर्यंत आलं?’ असा फोन पर्चेसच्या माणसाला करावा लागला नाही, की त्याच्या दृष्टीने तुम्ही बाकीच्या वीस वेंडरांपेक्षा वेगळे झालात. दुसरी गोष्ट, प्रत्येक बॉक्सवर लॉट नंबरचा क्यूआर कोड. स्कॅन केलं की मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट उघडला पाहिजे. ऑडिटच्या दिवशी ग्राहकाचा क्वालिटी इंजिनिअर तुम्हाला मनातून आशीर्वाद देतो. आणि ग्राहकाच्या उत्पादनाच्या लाइनवर एखादा नग खराब निघाला तर तो कोणत्या लॉटचा, हे पाच मिनिटांत सांगता येतं. सगळा माल परत घ्यायची वेळ येत नाही, एक क्रेट बाजूला काढून भागतं.

माग काढता येण्याची ही ताकद नाशिकच्या द्राक्षवाल्यांना सगळ्यात आधी कळली. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाने (शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारी संस्था) २००६ च्या सुमाराला ग्रेपनेट ही ऑनलाइन प्रणाली सुरू केली. प्लॉटची नोंदणी, प्रयोगशाळेचा रेसिड्यू रिपोर्ट (औषधांच्या उरलेल्या अंशांचा), पॅकहाऊस आणि निर्यातीची कागदपत्रं एका साखळीत आली. नोंद नसलेला प्लॉट निर्यातीला जाऊच शकत नाही. तरीही २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश युरोपात सापडले, कंटेनर अडकले आणि मोठं नुकसान झालं. आपल्याकडे तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतंच.

यातून नव्या निर्यातदाराने काय घ्यावं? सरकारी प्रणाली सगळ्यांना सारखीच आहे. ती पहिल्या ढिगात जाते. स्वतःचा फायदा स्वतःच्या नोंदीत आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत प्लॉटवर जे जे पडलं ते सगळं, यादीत असो वा नसो: औषध, मात्रा, तारीख, बाटलीवरच्या लेबलचा फोटो, काढणीआधी किती दिवस थांबलो. फवारणीच्या दिवशी शेतातूनच फोनवर भरलेली नोंद हवी. हंगामाच्या शेवटी आठवून लिहिलेली वही उपयोगाची नाही. खरेदीदाराने उद्या एखाद्या नव्याच रसायनाबद्दल विचारलं, तर ज्याच्याकडे अशी नोंद आहे तो तासाभरात सांगेल की आपल्या कोणत्या प्लॉटला ते वापरलं आणि कोणत्या नाही. बाकीचे प्रयोगशाळेच्या रांगेत उभे असतील.

येवल्याच्या पैठणीलाही हाच विचार लागू होतो. हातमागावरची अस्सल साडी आणि यंत्रमागावरची नक्कल यांतला फरक पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला डोळ्यांनी कळत नाही. साडी मागावर असतानाचा छोटा व्हिडिओ, विणकराचं नाव त्याच्या परवानगीने, रेशीम आणि जरीची माहिती, हे त्या एका साडीच्या क्यूआर कोडमागे ठेवलं तर किंमत सांगताना बाजू भक्कम होते. नुसत्या इन्स्टाग्रामच्या फोटोंपेक्षा हे मला कितीतरी जास्त उपयोगाचं वाटतं.

सहावी पायरी: अडकलेला पैसा माहितीच्या जोरावर सोडवा

नाशिकमध्ये चांगले वेंडर कामाअभावी कमी आणि पैसे अडकून जास्त बंद पडतात, असं मला वाटतं. म्हणून ही पायरी.

बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक छापा. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक किंवा सेवा देणाऱ्या उद्योगाला लेखी कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. करार नसेल तर १५ दिवसांत. मुदत उलटली तर ग्राहकाला तो खर्च आयकरात त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. हा नियम २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना तो लागू नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून दर सोमवारी ३०, ४० आणि ४५ दिवसांची थकबाकी काढा आणि चाळिसाव्या दिवशी नम्र आठवण पाठवा. त्या आठवणीसोबत बिल, डिलिव्हरी चलन आणि ग्राहकाची माल मिळाल्याची नोंद जोडलेली असली की ‘कागद सापडत नाही’ हे उत्तर येत नाही.

दुसरा मार्ग ट्रेड्सचा. रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या या ऑनलाइन मंचांवर ग्राहकाने मान्य केलेलं तुमचं बिल बँका बोली लावून घेतात, आणि व्याजाचा दर ग्राहकाच्या पतीवर ठरतो, तुमच्या नाही. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना मार्च २०२५ अखेरपर्यंत तिथे नोंदणी करणं बंधनकारक केलं होतं. तुमचा मोठा ग्राहक तिथे आहे का, हे त्याच्या अकाउंट्स विभागाला विचारा. लवकर पैसे मिळाले की बारस्टॉक (कच्च्या धातूच्या सळया) रोखीने घेता येतो, आणि तिथे मिळणारी सूट थेट तुमच्या कोटेशनमध्ये उतरते.

सातवी पायरी: माहिती आपलीच राहील हे बघा

सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला चार प्रश्न विचारा. माझा सगळा डेटा मला एक्सेलमध्ये कधीही काढता येईल का? सेवा बंद केली तर किती दिवसांत मिळेल? दरवर्षीचा खर्च किती, आणि माणूस वाढला की किती वाढेल? बिघाड झाला तर नाशिकला येणारा माणूस कोण? पहिल्याचं उत्तर गोलमोल आलं तर तिथेच थांबा. वर्षानुवर्षं जमवलेली माहिती दुसऱ्याच्या कुलपात ठेवायची नाही.

वेबसाइटचं डोमेन, गुगलवरची व्यवसायाची नोंद, व्हॉट्सॲप बिझनेसचा नंबर, मेलचं खातं हे सगळं व्यवसायाच्या नावावर हवं. ओटीपी भाच्याच्या फोनवर जात असेल तर आजच बदलून घ्या. प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी लावा. रोजचा बॅकअप क्लाउडवर, आणि आठवड्याचा एका हार्ड डिस्कवर, जी काम झालं की कॉम्प्युटरपासून काढून ठेवली जाते. खंडणीखोर व्हायरस जोडलेली डिस्कही लॉक करतो, म्हणून काढून ठेवणं महत्त्वाचं.

निर्यात करणाऱ्यांनी आणि कच्चा माल बाहेरून घेणाऱ्यांनी एक नियम भिंतीवर लावावा: ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल आला, तर आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

ग्राहकांचे फोन नंबर, वाढदिवस, पत्ते साठवत असाल तर २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ध्यानात ठेवा. संमती घेऊनच माहिती घ्या आणि लागते तेवढीच घ्या.

पहिले तीन महिने असे जाऊ द्या

पहिला आठवडा फक्त कोटेशनच्या यादीचा आणि ग्राहकांना विचारण्याचा. दुसऱ्या आठवड्यात जॉब कार्ड छापा, तेही एकाच मशीनसाठी. महिनाभर तेवढंच चालवा. कार्ड अर्धवट येतील, रकाने कमी करावे लागतील, ते करा. दुसऱ्या महिन्यात बाकीची मशीन, आणि सोमवारचा संदेश सुरू. तिसऱ्या महिन्यात जुन्या पार्टचा तक्ता तयार होऊन पहिलं कोटेशन त्यावरून जायला हवं. शीटचं सूत्र बसवायला कुणी नसेल तर आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांना प्रोजेक्टसाठी खरं काम हवंच असतं. मानधन द्या, शेडमध्ये दोन दिवस उभं करा, मग कॉम्प्युटरपुढे बसवा. मशीन न बघता बनवलेली शीट कामाची होत नाही.

मोजायचे आकडे तीनच ठेवा: ड्रॉइंग आल्यापासून कोटेशन जायला किती तास लागले, दहापैकी किती लॉट दिलेल्या तारखेला गेले, आणि दहापैकी किती कोटेशनची ऑर्डर झाली. सुरू करण्याआधीचे आकडे आजच लिहून ठेवा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? तीन महिन्यांनी पहिले दोन सुधारलेले दिसले पाहिजेत. तिसऱ्याला वेळ लागतो. पहिले दोनही जागचे हलले नसतील तर जागा चुकली आहे किंवा कार्ड भरलं जात नाही. अशा वेळी नवं सॉफ्टवेअर आणून ते सुटणार नाही. परत पहिल्या पायरीवर जाऊन ग्राहकांना विचारा. आणि आकडे सुधारले असतील, तर एक बैठक घेऊन ईआरपीचा विषय काढा. आता रकाने कोणते हवेत ते तुम्हाला माहीत आहे, विक्रेत्याला तीच यादी द्या. बैठकीला सेटरलाही बसवा.